विस्मरणातले संघ – ९ : बाकावरचा ज्युनियर

मिलवॉकी बक्सने बोस्टनला सलग चार सामन्यांत कसं लोळवलं ते या आठवड्यात सांगणार होतो. ते आज राहू द्या. मागच्या लेखात त्याच संघाच्या ज्युनियर ब्रिजमनचं नाव मी जरा जास्तच वेळा घेतलं, आणि त्यावर गोंदियाच्या एका वाचकाने विचारलंय, ‘भाऊ, मॉन्क्रिफ समजला, मार्कस जॉन्सन समजला. पण सामना सुरू होताना जो मैदानात नसतोच, त्याचं एवढं कौतुक कशाला? राखीव तो राखीवच ना?’ प्रश्न रास्त आहे. शिवाय ब्रिजमनवर लिहायला मला निमित्तच हवं होतं.

हा घोळ क्रिकेटने घातलाय. राखीव म्हटलं की आपल्याला बारावा गडी आठवतो. तो पाणी नेतो, झेल घेतो, पण बॅट काही त्याच्या हाती येत नाही. बास्केटबॉलमध्ये खेळाडू हवा तितक्या वेळा आत-बाहेर करता येतो. एनबीएचा सामना 48 मिनिटांचा. पहिली सहा-सात मिनिटं झाली की सुरुवातीचे पाचजण धापा टाकू लागतात, एखाद्याच्या नावावर दोन फाऊल चढलेले असतात (सहा झाले की बाहेर), आणि दोन्ही बाजू आपापली दुसरी फळी काढतात. नेमक्या त्याच वेळी मिलवॉकी ब्रिजमनला उठवायची. दुसऱ्या कितीतरी संघांत हा माणूस पहिल्या मिनिटापासून खेळला असता. इथे तो ताज्या दमाने यायचा आणि समोर एक तर दमलेला गडी, नाही तर कच्चा. आपल्याकडे मंडईच्या नाटकात विनोदी नट पडदा उघडल्या उघडल्या येत नाही, पण मांडव त्याचीच वाट पाहत असतो. तसंच हे.

ही युक्ती प्रशिक्षक डॉन नेल्सनची नव्हती. ती बोस्टनची. रेड ऑरबाख यांनी आधी फ्रँक रॅम्सीला आणि मग जॉन हॅवलिचेकला मुद्दाम बाकावर बसवून ‘सहावा माणूस’ ही जागा मानाची करून ठेवली होती. त्याच संघात नेल्सन अकरा हंगाम खेळले, पाच विजेतेपदं घेऊन निघाले आणि शिकलेलं सगळं मिलवॉकीला घेऊन आले. 1980-81 चा हंगाम पाहा. 60 विजय, 22 पराभव. संघातल्या सात जणांची सरासरी दहा गुणांच्या वर. सर्वांत वर जॉन्सन, साधारण वीस गुणांवर. त्याच्या खालोखाल कोण? मॉन्क्रिफ नाही, लॅनियर नाही. बहुतेक सामने बाकावरून उठून खेळणारा ब्रिजमन, जवळपास सतरा गुणांवर. तरी फिलाडेल्फियाने सातव्या सामन्यात 99-98 असं घरी पाठवलंच. तो एक गुण मला अजून पचलेला नाही.

ब्रिजमन मिलवॉकीला आला तो एका नकोशा सौद्यातून. 1975 मध्ये करीम अब्दुल-जब्बारने ‘मला इथून जाऊ द्या’ म्हटलं आणि लॉस एंजलिस लेकर्सकडून त्याच्या बदल्यात चौघे मिळाले : एल्मोर स्मिथ, ब्रायन विंटर्स, डेव्ह मायर्स आणि हा. देव देऊन पुजारी घेतल्यासारखं गावाला वाटलं असणार. पण पुढच्या दशकातला संघ विंटर्स आणि ब्रिजमन यांच्याच भोवती उभा राहिला.

मूळचा तो इंडियाना राज्यातल्या ईस्ट शिकागोचा. बाप पोलाद कारखान्यात कामाला. गोंदियाहून हावड्याच्या दिशेने गाडीत बसा, भिलाई लागेल; तिथेही पोलाद आणि तिथेही बास्केटबॉल. प्रशिक्षक राजेश पटेल यांनी तिथे मुलींच्या पिढ्याच्या पिढ्या घडवल्या. पोलादाच्या गावात हा खेळ का रुजतो, यावर एकदा निवांत लिहायचंय. (हेही राहणार, माहीत आहे मला.)

सहाव्या माणसासाठी एनबीएने वेगळा पुरस्कार सुरू केला तो 1982-83 मध्ये. पहिला मानकरी फिलाडेल्फियाचा बॉबी जोन्स. मग दोनदा बोस्टनचा केविन मॅकहेल. मग बोस्टनचाच बिल वॉल्टन. ज्या दोन संघांनी मिलवॉकीला दर वर्षी अंतिम फेरीच्या अलीकडे अडवलं, त्यांनी बाकावरचा पुरस्कारही बाहेर जाऊ दिला नाही! पाचव्या वर्षी तो अखेर मिलवॉकीला आला, रिकी पिअर्सच्या हातात. हा पिअर्स म्हणजे 1984 मध्ये जॉन्सन, ब्रिजमन आणि कॅचिंग्ज यांना क्लिपर्सकडे धाडून जे तिघे आणले त्यांतला एक. पुरस्कार आला त्या 1986-87 च्या हंगामात ब्रिजमन मिलवॉकीला परतलेला होता, शेवटचं वर्ष खेळत होता. मिलवॉकीसाठी 711 सामने. हा विक्रम साडेतीन दशकं टिकला आणि मग मिलवॉकीच्याच यानिस अँटेटोकुम्पोने मोडला. अंगावरचा 2 क्रमांक मात्र निवृत्तीनंतर लगेचच, 1988 मध्ये, संघाने कायमचा राखून ठेवला.

त्याचा पगार वर्षाला साडेतीन लाख डॉलरच्या वर कधी गेला नाही. खेळत असतानाच त्याने वेंडीज या बर्गरवाल्या कंपनीच्या धंद्यात पैसे घातले, आणि नुसते घातले नाहीत. स्वतः गल्ल्यावर नि भटारखान्यात उभं राहून तो धंदा शिकला. पुढे अशी शंभरावर दुकानं झाली. ती विकून कोका-कोला भरण्याचा व्यवसाय घेतला, 2020 मध्ये ‘एबनी’ मासिक विकत घेतलं. खेळाडू निवृत्तीनंतर कंगाल होतात, या ठरलेल्या रडगाण्यात तो कुठेच बसत नाही. आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्याने मिलवॉकी बक्समधला दहा टक्के हिस्सा घेतला. सुरुवातीच्या पाचांत ज्याला जागा नव्हती, तो मालकांच्या रांगेत जाऊन बसला. पण फक्त सहा महिने. मार्च 2025 मध्ये तो गेला.

तेव्हा भाऊ, राखीव तो राखीव, हे एवढ्यापुरतं मागे घ्या. बोस्टन पुढच्या आठवड्यात. सुरुवात पहिल्या सामन्यापासून करणार नाही. नेल्सनने बोस्टनच्या डॅनी एंजवर जाहीरपणे तोफ डागली होती, तिथून करू.