पद्मिनी ‘लो’ करायचीय? स्प्रिंग कापण्याआधी शॉकअपचं गणित समजून घ्या

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. पण हौशी मालकांनी जपलेल्या पद्मिनी अजून धावतात आणि काहींना ‘लो’ लूक हवा असतो. दोन इंच खाली बसलेली गाडी रुबाबदार दिसते, यात वाद नाही. खरी परीक्षा पहिल्या खड्ड्यात होते.

पद्मिनीची रचना कशी आहे?

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी मूळची फियाट ११०० डी. पुढे विशबोन आणि कॉइल स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि पाटे. पुढची स्प्रिंग चाकापासून आतल्या बाजूला असते. त्यामुळे तिची उंची १ सेंमीने कमी केली, तर चाकापाशी गाडी त्याहून जास्त उतरते.

स्प्रिंग कापली तर काय बिघडतं?

वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते. काम करणाऱ्या ८ वेढ्यांपैकी १ कापला, तर कडकपणा साधारण १४ टक्क्यांनी वाढतो. गॅस कटरच्या उष्णतेने स्टीलची ताकद जाते, ते वेगळंच. चाक लटकलं, की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटूही शकते. म्हणून कमी उंचीसाठीच बनवलेली स्प्रिंग घ्या. मागच्या पाट्यांचा बाक जाणकार पाटेवाल्याकडूनच कमी करून घ्या.

शॉकअप का बदलायचा?

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. तिचं हेलकावणं शॉकअप थांबवतो. कडक स्प्रिंगला जुना शॉकअप आवरू शकत नाही. मग खड्ड्यानंतर गाडी उड्या मारत राहते, टायरची पकड सुटते आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

निवडताना काय पाहायचं?

• लांबी: गाडी उतरली की मूळ शॉकअपचा दांडा आधीच आत गेलेला असतो. मोठा धक्का बसला की तो तळाला आदळतो. नव्या उंचीवर दोन्ही टोकांमधलं अंतर मोजा आणि दांड्याला दोन्ही बाजूंना जागा उरेल असा आखूड शॉकअप घ्या.

• जोर: दबलेली स्प्रिंग उसळताना तिला रोखण्याची ताकद जास्त हवी.

• प्रकार: रोजच्या रस्त्यासाठी कमी दाबाच्या गॅसचा ट्विन-ट्यूब पुरेसा. मोनो-ट्यूब तापला तरी काम नीट करतो, पण धक्के जास्त जाणवतात.

• बंप स्टॉप: हे रबर काढून टाकू नका. नाहीतर लोखंडावर लोखंड आदळेल.

फिटिंगनंतर काय?

रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. जॅकवर आवळले, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. त्यानंतर व्हील अलाइनमेंट करा. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात.

किती खाली न्यायची?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंमी उंच असतो आणि गल्लीबोळातले कित्येक त्याहून उंच. गाडीत चार माणसं बसवून सायलेन्सरखालची जागा मोजा आणि मगच उंची ठरवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ तपशिलाशी न जुळणाऱ्या बदलांना मनाई करतं, त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या.