पासपोर्ट घ्या, पोहायचे कपडेही घ्या!

निकाल लागला की घरोघरी एक एक्सेल शीट उघडते. डावीकडे देशांची नावं, वरती फी, रँकिंग, आयईएलटीएस, व्हिसा, पुढची नोकरी. बाबा प्रत्येक आकड्याचा रुपयांत गुणाकार करतात, आई थंडी किती असते ते विचारते आणि आजी पलंगावरूनच मुद्द्याचं बोलते, "तिथे पोळ्या मिळतात का गं?" एकट्या आजीचा प्रश्न शीटमध्ये बसत नाही. अशाच न बसणाऱ्या काही गमती इथे मांडल्या आहेत. माणसासारखा देशाचा स्वभावही त्याच्या खोडींवरून कळतो, म्हणून 'अप्लाय'चं बटण दाबण्याआधी वाचून घ्या.

उशीर झाला? मास्तर, दंड भरा!

इटलीतलं बोलोन्या विद्यापीठ आपला जन्म १०८८चा सांगतं. कायदा शिकायला आल्प्सपलीकडून पोरं यायची. परक्या गावात ना हक्क, ना ओळख. मग त्यांनी एकजूट करून संघ काढले. अशा संघाला लॅटिनमध्ये म्हणायचे 'युनिव्हर्सितास'. थोडक्यात, आज ज्याला आपण युनिव्हर्सिटी म्हणतो, ती बोलोन्यात परगावच्या पोरांची युनियन होती! मास्तरांचे पैसे पोरंच द्यायची, त्यामुळे रुबाबही पोरांचाच. मास्तर उशिरा आले, दंड. तास वेळेवर संपवला नाही, दंड. वर्गात पाच डोकीही जमली नाहीत, तरी दंड. आणि गावाबाहेर जायचं तर परत येण्याच्या हमीसाठी आधी अनामत ठेवा.

आता तिथे दंड विद्यार्थ्यालाच होतो. पण पदवीच्या दिवशी डोक्यावर खऱ्या पानांचा हिरवागार मुकुट मिळतो. त्याआधी गावातल्या असिनेल्ली मनोऱ्यावर चढायचं नाही. चढलात तर पदवी हुकते, असं तिथली पोरं मानतात.

दहा म्हणजे सव्वादहा

जर्मन वेळ म्हणजे घड्याळाचा काटा, असं आपण ऐकून असतो. मग वेळापत्रकात '१० सी.टी.' दिसतं आणि दहाच्या ठोक्याला पोचलेला आपला मुलगा रिकाम्या वर्गात बसून राहतो. सी.टी. ही लॅटिन शब्दांची आद्याक्षरं, अर्थ सव्वादहा. याला 'विद्यापीठी पाव तास' म्हणतात. व्याख्यान संपलं की टाळ्या नाहीत, सगळा वर्ग बोटांच्या पेरांनी बाकं ठोकतो. घाबरू नका, ते कौतुक आहे.

"आई, मला एक मार्क मिळाला!"

हा फोन जर्मनीहून आला तर पेढे वाटा. तिथे १ सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास आणि ५ म्हणजे गचकले. आपले मार्क त्यांच्या मापात बसवायला चक्क 'बव्हेरियन सूत्र' नावाचं गणित आहे. फ्रान्समध्ये मार्क २०पैकी. १० ला पास आणि १६ मिळाले की वर्गात माना वळतात. इंग्लंडमध्ये ७० टक्क्यांना फर्स्ट क्लास. दहावीला ९४ टक्के घेऊन हिरमुसलेल्या पोरांनी इंग्लंडमधल्या ७२ वर घरी रडत फोन करू नये.

'फुकट'ची एक्स्पायरी डेट

'युरोपात शिक्षण फुकट' हे वाक्य सोसायटीच्या जिन्यात अजून फिरतंय. जरा तारखा बघू. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कने २००६ मध्ये फी लावली, स्वीडनने २०११ मध्ये, फिनलंडने २०१७ मध्ये, नॉर्वेने २०२३ मध्ये. एकेक विकेट पडत गेली. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं अजून क्रीजवर आहेत, पण तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याने २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घ्यायला सुरुवात केली आहे. शिवाय व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच खास खात्यात कोंडून दाखवायचा. २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो झाली. पैसे तुमचेच, पण महिन्याला ९९२ च हातात येणार. वडिलांनी पॉकेटमनी द्यावा, तसं.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट वेगळी. तिथे अर्ज करणंच महाग. विद्यार्थी व्हिसाची फी ७१० डॉलर होती, ती जुलै २०२४ मध्ये १,६०० झाली आणि वर्षभरात २,०००. एकूण काय, दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजारच्या दादाची माहिती दुधासारखी समजा. चांगली असते, पण तारीख बघून घ्यावी.

बुडालात तर पदवीही बुडाली

अमेरिकेतल्या एमआयटीत रोबो बनवता आला, तरी पदवीपूर्व विद्यार्थ्याला पोहता यावंच लागतं. १०० यार्ड पोहून दाखवा, नाहीतर पोहण्याचा वर्ग लावा. तिरंदाजी, तलवारबाजी, पिस्तूल नेमबाजी आणि शिडाची नौका हे चारही वर्ग पुरे केले, तर संस्था 'समुद्री चाचा' असल्याचं प्रमाणपत्र देते. थट्टा नाही, खरंच देते. विहिरीत भोपळा बांधून पोहायला शिकलेल्यांनी हा मुद्दा अर्जात जरूर लिहावा.

त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, बर्कलीत, प्राध्यापकाला नोबेल मिळालं की विद्यापीठ त्याला कॅम्पसवर राखीव पार्किंगची जागा देतं. पुण्या-मुंबईच्या वाचकांना यातला खरा पुरस्कार कोणता, हे सांगायला नको.

रात्रपाळीला वटवाघळं

पोर्तुगालमधल्या कोइंब्रा विद्यापीठाची सुरुवात १२९०ची. तिथल्या अठराव्या शतकातल्या जुआनिना ग्रंथालयात वटवाघळं राहतात आणि त्यांना कोणी हाकलत नाही. रात्री ती पुस्तकं खाणारे किडे टिपतात. संध्याकाळी कर्मचारी जुन्या मेजांवर कातडी आच्छादनं घालतात आणि सकाळी रात्रपाळीचा 'प्रसाद' पुसून काढतात.

गोवेकरांसाठी इथे एक जास्तीचा रकाना आहे. १९६१च्या मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करता येतो. ते मिळालं की युरोपातली फी आणि व्हिसा यांचं गणितच बदलतं. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे एक पासपोर्ट आला की दुसरा जातो. हा निर्णय वटवाघळांवर सोडू नये.

आई-बाप तिथेच मिळतील

स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात वरच्या वर्गातली मुलं नव्यांना दत्तक घेतात. एक 'आई', एक 'बाबा' आणि चार-पाच 'भावंडं'. पूर्वी या पालकांना आभार म्हणून पौंडभर मनुका द्यायची रीत होती. आता त्या रीतीचा सण झाला आहे आणि त्यातल्या सोमवारी फेसाची धुळवड होते. त्याच विद्यापीठाबाहेर फरशीवर 'पी. एच.' ही अक्षरं आहेत. १५२८ मध्ये तिथे जाळल्या गेलेल्या धर्मसुधारक पॅट्रिक हॅमिल्टनची ती खूण. तिच्यावर पाय पडला तर नापास, असा समज. उतारा एकच, १ मे च्या पहाटे गोठवणाऱ्या उत्तर समुद्रात बुडी. आपल्याकडे अंगारा लावून भागतं.

दंड आपटला, बोलणं बंद

नेदरलँड्समध्ये पीएचडीची परीक्षा भर सभेत होते. प्राध्यापक प्रश्नांचा मारा करतात, उमेदवार घामाघूम. मग ठरल्या मिनिटाला झगा घातलेली एक व्यक्ती हातात उंच दंड घेऊन आत येते, तो जमिनीवर आपटते आणि म्हणते, "होरा एस्त." वेळ संपली. अर्धं उत्तर तोंडात असलं तरी तिथेच थांबायचं. लायडनमध्ये तर परीक्षेआधी थांबायच्या खोलीचं नावच 'घामाची खोली' आहे. तिच्या भिंती पास झालेल्यांच्या सह्यांनी भरल्या आहेत. लग्नातल्या भाषणांसाठी हा दंडवाला भाड्याने मिळाला तर बरं होईल.

एकच देश कशाला?

बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले. अट होती, परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी. १९१६ मध्ये ते लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, १९१७ मध्ये परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. 'गॅप' पडली म्हणून खचणाऱ्यांनी हे वर्षांचे आकडे शीटच्या वर चिकटवावेत.

देश ठरला दातांच्या दवाखान्यात

आणि शेवटी आनंदीबाई जोशी. त्यांच्या शिक्षणासाठी पती गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेलं पत्र तिकडच्या मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहताना वाचलं आणि उत्तर धाडलं. त्या पत्रांतून आनंदीबाईंना 'मावशी' मिळाली. १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला पोचल्यावर मुक्काम तिच्याच घरी. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या वूमन्स मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. १८८५ सालचा तिथला एक फोटो आजही बघायला मिळतो. जपानची केइको ओकामी, सीरियाची सबात इस्लांबुली आणि आपल्या आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई अर्थातच साडीत.

रँकिंग तेव्हा नव्हतं. पलीकडून उत्तर देणारं माणूस मात्र होतं. म्हणून शीटमध्ये एक रकाना वाढवा, 'तिथे आपल्याला जेवायला कोण बोलावेल?' आजी तरी दुसरं काय विचारत होती?