उणे एक सेकंदाचा अर्थ

प्रक्षेप्य गतीचं उदाहरण सूत्राने सोडवलं की काळाची दोन उत्तरं येतात आणि त्यातलं ऋण उत्तर ‘काळ ऋण नसतो’ असं लिहून खोडलं जातं. खोडणं बरोबर असतं, पण दिलेलं कारण चुकीचं असतं, आणि त्यापायी समीकरणाने सांगितलेलं बरंच काही ऐकायचं राहून जातं. १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला आणि गुरुत्व त्वरण सोयीसाठी १० धरलं, तर ‘क’ सेकंदांनी त्याची उंची १५ + १०क − ५क² मीटर असते. ही उंची शून्य मानून सूत्रात किमती घातल्या की विवेचक येतो १०० + ३००, म्हणजे ४००. त्याचं वर्गमूळ २०. उत्तरं ३ आणि −१. हे मधलं २० घाईत नजरेतून सुटतं. चेंडू जमिनीवर आपटतो तो वेग नेमका तेवढाच असतो, सेकंदाला २० मीटर! दोन्ही उत्तरांच्या बरोबर मध्ये येतो १ सेकंद, आणि त्याच क्षणी चेंडू सर्वांत उंच, २० मीटरवर असतो. तिथून २ सेकंद पुढे गेलं की जमीन, २ सेकंद मागे गेलं तरी जमीन. म्हणजे चेंडू १ सेकंद आधी जमिनीवरून २० च्या वेगाने निघाला असता, तरी गच्चीपाशी तो १० च्याच वेगाने पोचला असता. −१ चा अर्थ हा आहे.

यावर कोणी म्हणेल, चेंडू तेव्हा हातात होता, मग न घडलेल्या उड्डाणाचं काय करायचं? अगदी खरं, आणि ते उत्तर नाकारण्याचं खरं कारणही हेच. घड्याळ २ सेकंद आधी सुरू केलं असतं तर उत्तरं १ आणि ५ आली असती. दोन्ही धन, तरीही १ नाकारावंच लागलं असतं, कारण चेंडू २ ऱ्या सेकंदाला सुटला. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांच्या कळपाचं उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तितकी वानरं गुहेत गेली आणि एक बाहेर दिसलं. उत्तरं ५० आणि ५. त्यांनी ५ नाकारलं, कारण पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ कसे जाणार? निवाडा उत्तराच्या चिन्हाने केला नाही, प्रसंगाने केला. हवेचा रोध धरला तर चेंडूच्या चढण्या-उतरण्यातली सममिती मोडते हे मान्य, पण मग हे वर्गसमीकरणच उरत नाही आणि ३ सुद्धा अचूक राहत नाही. राहिला परीक्षेतल्या वेळेचा प्रश्न. ‘चेंडू शून्याव्या सेकंदाला सुटला, म्हणून −१ अमान्य’ एवढंच लिहा. तीही एकच ओळ आहे.