वडशाच्या नाटक कंपन्या आणि झाडीची रंगभूमी

राष्ट्रीय नाटक मंडळी म्हटली की आपली दृष्टी दिल्लीकडे वळते. १९५९ मध्ये तेथे राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झाले व १९६४ मध्ये त्याचे रंगमंडळ उभे राहिले. नटाला वेतन, तालमीला जागा आणि सातत्याने प्रयोग, हे शासनाच्या आधाराने तेथे शक्य झाले.

परंतु गोंदियाहून बल्लारशाकडे निघालेली गाडी अर्जुनी ओलांडून वडशाला पोहोचते, तेथेही नाटक कंपन्या आहेत. एक नव्हे, अनेक. त्यांच्यामागे अनुदान नाही, धान पिकवणारा प्रेक्षक आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही झाडीपट्टी रंगभूमी दंडारीच्या परंपरेतून वाढली. दिवाळीपासून होळीपर्यंत तिचा हंगाम. गावचे मंडळ वडशाला जाऊन नाटक ठरवते, रक्कम कबूल करते, मांडव घालते, तिकिटे विकते. बुडाले तर मंडळाचे बुडते. मंडई किंवा शंकरपटाच्या निमित्ताने घरोघरी पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात. रात्रभर नाटक चालते. हंगामात सुटीनंतर वर्गात डुलक्या घेणाऱ्या मुलांना आम्ही कारण विचारत नाही. फार तर नाटकाचे नाव विचारतो!

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तरी नाटके थांबली नाहीत. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीची दिल्लीनेही दखल घेतली.

आमच्या दृष्टीने या रंगभूमीचे मोल आणखी एका गोष्टीत आहे. गावच्या पंगतीत कोणी कुठे बसावे हे जातीने ठरत आले. तिकिटाच्या मांडवात ते पैशाने ठरते. हीही समता नव्हे, हे आम्ही जाणतो. पण पुढच्या रांगेचे तिकीट काढणाऱ्याला कोणी उठवू शकत नाही, हा फरक आमच्या आधीच्या पिढीला लहान वाटला नसता.

उणिवा आहेतच. पूर्वी स्त्रीभूमिका पुरुष करीत. आता स्त्रिया रंगमंचावर आल्या, परंतु कथेशी संबंध नसलेली लावणी मध्येच घुसवली जाते, हे आम्हांला रुचत नाही. त्याहून मोठी उणीव कलावंताच्या पोटाची. त्याला मानधन प्रयोगावर मिळते. होळी झाली की मिळकत थांबते आणि रोवणीच्या दिवसांत रंगमंचावरचा राजा बांधीतल्या चिखलात उतरतो. दिल्लीच्या रंगमंडळापासून शासनाने काही येथे आणायचे असेल, तर ते पावसाळ्यातले वेतन आणावे. नाटक कसे करावे हे येथे कोणी शिकवण्याची गरज नाही.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण या मांडवांत वाजवतात, काही भूमिका करतात. त्यांच्याकडे जुन्या संहिता, हस्तपत्रके वा छायाचित्रे असतील, तर त्यांची एकेक प्रत शाळेच्या ग्रंथालयासाठी द्यावी. एक कपाट आम्ही रिकामे करून ठेवले आहे.