आकृती आणि उडी

दूरचे खेळ : लेखांक सातवा

बर्फाचा पृष्ठभाग मुळात घसरडा का असतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्या बर्फावर ज्यांचं अख्खं बालपण जातं, त्या फिगर स्केटरकडे वळू. ऑलिम्पिकच्या दिवसांत टीव्हीवर ती चार मिनिटं दिसते. संगीत, चमचमता पोशाख, सहा-सात उड्या, मग धापा टाकत प्रशिक्षकाशेजारी बसून गुणांची वाट पाहणं. बघणाऱ्याला वाटतं, खेळ म्हणजे उडी. स्केटरला विचाराल तर ती आधी कडेबद्दल बोलेल.

कड म्हणजे पात्याची कड. फिगर स्केटचं पातं जेमतेम चार मिलिमीटर रुंद, आणि त्याच्या तळाला लांबीभर एक उथळ पन्हळ असते. त्यामुळे एका पात्याला दोन कडा मिळतात, एक पायाच्या आतल्या बाजूची, एक बाहेरची. दोन्ही कडांवर सपाट उभा राहतो तो नवशिका. मुरलेला स्केटर सतत एका कडेवर कललेला असतो, आणि कलला की वळतो. बोरघाटातल्या वळणावर मोटारसायकलवाला गाडी आत झुकवतो, तसंच; फक्त इथे हँडल नाही, ब्रेक नाही आणि सगळा कारभार एका पायावर, पुष्कळदा पाठमोरा. डावा पाय, उजवा पाय, पुढे, मागे, आतली कड, बाहेरची कड. असे आठ प्रकार होतात. मूल पाच-सहा वर्षांचं असताना बर्फावर उतरतं, आणि हे आठही सारख्याच ताकदीचे व्हायला त्याची शाळा संपत येते. प्रत्येकाचा एखादा प्रकार आयुष्यभर लंगडाच राहतो, ही गोष्ट वेगळी.

एकेकाळी या कडांचीच परीक्षा असायची. स्पर्धेच्या पहिल्या भागात स्केटरने कोऱ्या बर्फावर एका पायाने वर्तुळं काढायची, बहुधा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी जोडलेली, व्यास साधारण स्वतःच्या उंचीच्या तिप्पट. मग त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा जायचं, मग तिसऱ्यांदा. संगीत नाही, टाळ्या नाहीत. स्केटर बाजूला झाला की पंच बर्फावर उतरायचे आणि वाकून, कधी गुडघे टेकून रेघा तपासायचे. वर्तुळ गोल आहे का, तिन्ही रेघा एकमेकींवर बसल्यात का, पाय बदलताना कड कुठे घसरली. ठरलेल्या आकृत्या चाळीसहून जास्त होत्या. त्यांच्या सरावासाठी रिंकवर प्रत्येकाला बर्फाचा एक पट्टा नेमून दिलेला असे. पहाटेच्या अंधारात तिथे जायचं, आपल्या पट्ट्यावर तासभर गोल गोल फिरायचं, मग शाळा. खेळाडूंच्या कित्येक पिढ्यांचं बालपण असं गेलं.

ही पद्धत मोडायला निमित्त झालं ते १९७२ चं साप्पोरो ऑलिम्पिक. ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शूबा, सगळे तिला ट्रिक्सी म्हणत, आकृत्यांत इतकी निष्णात होती की त्या भागातच तिने मोठी आघाडी घेतली. तेव्हा निम्मे गुण आकृत्यांना होते. मुक्त स्केटिंगमध्ये ती सातवी आली, तरी सुवर्णपदक तिलाच मिळालं. मुक्त स्केटिंग जिंकणाऱ्या अमेरिकेच्या जॅनेट लिनला कांस्यावर समाधान मानावं लागलं. आता गंमत अशी, की टीव्हीवर आकृत्या कोण दाखवणार? घरी बसलेल्या प्रेक्षकाने पाहिलं ते एवढंच, की साधंसुधं स्केटिंग करणारी मुलगी जिंकली आणि बर्फावर नाचणारी हरली. जॅनेट लिन त्या कार्यक्रमात पडली होती, पडूनही हसत उठली होती, आणि जपानी लोकांनी तिला डोक्यावर घेतलं होतं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने नियम बदलला. आकृत्यांचा वाटा चाळीस टक्क्यांवर आणला आणि ठरावीक उड्या-गिरक्यांचा एक छोटा कार्यक्रम स्पर्धेत घातला. वाटा पुढेही घटत गेला आणि १९९० च्या हॅलिफॅक्सच्या जागतिक स्पर्धेनंतर आकृत्या बर्फावरून कायमच्या गेल्या.

मला स्वतःला शूबाबद्दल सहानुभूती वाटते. तिने त्या काळच्या नियमांतला सगळ्यात कठीण भाग सगळ्यांपेक्षा चांगला केला होता. तो कॅमेऱ्याला आवडत नव्हता, हा काही तिचा अपराध नव्हे. पण या बदलाचा खरा परिणाम पदकांवर झाला नाही, तो खेळाडूच्या आयुष्याच्या आखणीवर झाला. आकृत्या हे वयाबरोबर पिकणारं कसब होतं. पंचविशीतल्या पायांना ते पंधराव्या वर्षापेक्षा चांगलं जमे. उडीचं उलटं आहे.

उडीतलं विज्ञान साधं आहे. स्केटर जमीन सोडते त्या क्षणी तिच्या फिरण्याचा साठा ठरून जातो, हवेत त्यात भर घालता येत नाही. हात छातीशी घट्ट आवळले, पाय एकमेकांवर चढवले की शरीराचा घेर कमी होतो आणि तोच साठा जास्त वेगाने खर्च होतो. चार फेऱ्यांच्या उडीत हवेतला वेळ सेकंदाच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो. म्हणजे सेकंदाला पाचाहून जास्त फेऱ्यांचा वेग लागतो. मग खाली येताना एकाच पायावर, पाठमोरं, बाहेरच्या कडेवर उतरायचं, आणि त्या एका घोट्यावर शरीराच्या वजनाच्या कैक पट भार घ्यायचा. सगळ्या उड्यांत ॲक्सल अवघड, कारण ती एकटीच समोर तोंड करून मारायची असते, त्यामुळे तिच्यात अर्धी फेरी जास्त. नॉर्वेच्या ॲक्सल पॉलसनने १८८२ मध्ये ती पहिल्यांदा मारली तेव्हा ती दीड फेरीची होती. साडेचार फेऱ्यांची ॲक्सल स्पर्धेत पहिल्यांदा नीट उतरवली ती अमेरिकेच्या इलिया मालिनिनने, २०२२ मध्ये. मधे गेली एकशे चाळीस वर्षं.

हे गणित ज्याच्या लक्षात आलं, त्याच्या लक्षात पुढचंही येईल. अरुंद खांदे, अरुंद कंबर, कमी वजन म्हणजे जास्त फेऱ्या. म्हणजेच तेरा-चौदाची मुलगी. जपानच्या मिकी आंदोने २००२ मध्ये महिलांतली चार फेऱ्यांची पहिली उडी मारली, तेव्हा ती १४ वर्षांची होती. मग वर्ष-दीड वर्षात शरीर वाढतं, तोल बदलतो, काल जमलेली उडी आज जमत नाही आणि मागून नव्या चौदा वर्षांच्या मुली येतच असतात. बेइजिंगच्या २०२२ च्या ऑलिम्पिकमध्ये उत्तेजक चाचणीच्या वादात सापडलेली रशियाची कमिला वालिएवा १५ वर्षांची होती. मोठ्यांच्या स्पर्धेत पोराटोरांना उतरवून त्यांची कोवळी वर्षं वापरून घ्यायची, या प्रकाराला त्यानंतर कुठे आळा बसला. किमान वय टप्प्याटप्प्याने वाढवून २०२४-२५ च्या हंगामापासून १७ करण्यात आलं. इतक्या उशिरा का, हे विचारायला हवं. तारा लिपिन्स्कीने १५ व्या वर्षी सुवर्ण जिंकलं होतं ते १९९८ मध्ये, म्हणजे प्रश्न काही नवा नव्हता.

अमेरिकेच्या अलिसा लियूचं आयुष्य या संदर्भात फार बोलकं आहे. १३ व्या वर्षी राष्ट्रीय विजेती, १६ व्या वर्षी ऑलिम्पिक, जागतिक स्पर्धेत कांस्य, आणि त्याच वर्षी निवृत्ती! आपल्याकडे त्या वयात दहावीचा निकाल लागतो. दोन वर्षं ती बर्फापासून लांब राहिली, सामान्य मुलीसारखी जगली. मग स्वतःच्या मर्जीने परतली आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टनला १९ व्या वर्षी जगज्जेती झाली. चार फेऱ्यांच्या उडीशिवाय. परतल्यावर पाहिलं तर तिच्या स्केटिंगमध्ये एक सैलपणा, एक मोकळा वेग दिसतो. तो उड्यांतून आलेला नाही, कडांमधून आलेला आहे. वर्तुळं हद्दपार झाली तरी त्यांचं काम संपलेलं नाही, असं म्हणायला एवढा पुरावा मला पुरतो.

आता मावळाकडे येऊ. तळेगाव, वडगाव, कामशेत या पट्ट्यात सोसायट्या वाढल्या तशी संध्याकाळी पार्किंगमध्ये हेल्मेट आणि गुडघ्यांना पॅड बांधून फिरणारी पोरं दिसू लागली. त्यातल्या एखादीने टीव्हीवर हे सगळं पाहून हट्ट धरला, तर काय? बर्फ तर नाहीच. घाट उतरून खोपोलीजवळ इमॅजिकात बर्फाचं उद्यान आहे, पण तो भुसभुशीत, खेळायचा बर्फ. स्केटिंगला लागतो तो खाली नळ्या घालून गोठवलेला, उणे चार अंशांच्या आसपास राखलेला, साठ मीटर बाय तीस मीटरचा टणक थर. मुंबईत गोराईच्या एस्सेलवर्ल्डमध्ये रिंक होती, ते उद्यानही २०२२ मध्ये बंद पडलं. सिमल्याची रिंक १९२० पासून आहे, पण ती थंडीच्या भरवशावर गोठणारी; हिवाळ्याचे काही आठवडे मिळाले तर मिळाले. डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी ऑलिम्पिकच्या मापाची बंदिस्त रिंक बांधली आणि नंतर ती वर्षानुवर्षं बंद ठेवली; २०२५ मध्ये तिथे पुन्हा आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. त्यामुळे बर्फावर भारताचं नाव लावणारी मुलगी अमेरिकेत जन्मलेली आणि तिथेच घडलेली निघते, यात नवल नाही. तारा प्रसादने अमेरिकेचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी स्पर्धेत ती आठवी आली.

आपल्याकडची वाट चाकांची आहे आणि ती दुय्यम समजण्याचं कारण नाही. चाकांवरच्या या प्रकाराला आर्टिस्टिक स्केटिंग म्हणतात. त्यात दोन पुढे, दोन मागे अशी चार चाकं आणि बुटाच्या टोकाला रबरी टो-स्टॉप असतो. पात्याच्या कडेचं काम इथे चाकांच्या जोड्यांमधले रबर करतात. कललं की ते दबतात, जोडी तिरकी होते आणि स्केट वळतो. उड्यांची घराणी तीच, ॲक्सल, साल्को, लुट्झ. अव्वल खेळाडू तीन फेऱ्या मारतात, तेही बर्फाच्या स्केटपेक्षा जड ओझं पायात घेऊन. काही गिरक्या तर बर्फावर शक्यच नाहीत. एकीत घोटा इतका आडवा पाडतात की स्केटच्या एका बाजूच्या दोनच चाकांवर शरीर फिरत राहतं. आणि मुख्य म्हणजे, बर्फाने टाकून दिलेल्या आकृत्या चाकांनी जपल्या. फरशीवर सुमारे सहा मीटर व्यासाची वर्तुळं रंगवलेली असतात, स्केटरने त्या रेघेवरून न ढळता जायचं. भारतातल्या स्पर्धांतही ‘फिगर’ हा स्वतंत्र प्रकार म्हणून खेळला जातो. शूबाला पाहून आनंद झाला असता.

या वाटेने कुठवर जाता येतं? हैदराबादच्या अनुप कुमार यामाने २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत एकेरीत कांस्य मिळवलं आणि अवनी पांचाळबरोबर जोडीतही कांस्य. रोलर स्केटिंगमध्ये आशियाई स्पर्धेतली ती भारताची पहिली पदकं. २०१५ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या तीन हजार मीटर रिलेत कांस्य जिंकणाऱ्या चौघांत सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे हे दोघे महाराष्ट्राचे होते. पण तो वेगाचा खेळ. आपल्या विषयाला जास्त जवळचे आहेत ते त्याच स्पर्धेत उतरलेले पुण्याचे श्रेयसी जोशी आणि जिनेश नानल. त्यांचा प्रकार फ्रीस्टाइल स्लॅलम. एका ओळीत ८० सेंटिमीटर अंतराने २० छोटे शंकू मांडतात, त्यांच्यामधून एका पायावर नागमोडी सुटायचं, शंकू पाडला की वेळेत दंडाची भर. याच खेळाच्या क्लासिक प्रकारात संगीतावर, शंकूंच्या तीन ओळींमधून, दोन मिनिटांच्या आत रचना सादर करायची असते आणि पंच गुण देतात. कड, तोल, लय, सगळं आहे. फक्त उडीचा दरारा नाही.

मावळातल्या पालकांनी म्हणून तीन-चार गोष्टी आधी पाहाव्यात. दुकानात सहसा हातात पडतात ते एका ओळीतल्या चाकांचे स्केट्स. ते वेगाला आणि स्लॅलमला चालतात, आर्टिस्टिकला नाही. पेव्हर ब्लॉकवर सराव करू देऊ नये, चाकं आणि बेअरिंग दोन्ही जातात आणि कडेचा अंदाज कधीच येत नाही. गुळगुळीत कोबा किंवा फरशी हवी, आणि वर छप्पर हवं. लोणावळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो पाऊस कोसळतो, त्यात उघड्यावरचा सराव चार महिने बंद म्हणजे बंद. ओल्या फरशीवर चाकं पकड सोडतात. छप्पर असलेली चांगली रिंक हवी तर पिंपरी-चिंचवड किंवा पुण्याची लोकल धरावी लागते, आणि दुपारच्या तासांत ती लोकलही नसते हे या मार्गावरच्या कुणाला सांगायला नको. शाळेच्या छपराखालच्या प्रार्थना-सभागृहाचा कोबा बरा असेल तर सुट्टीच्या दिवशी तो मागून पाहावा. सहा मीटरचं वर्तुळ आखायला खडू, खिळा आणि तीन मीटर सुतळी पुरते. पहिलं वर्ष त्या वर्तुळावरच काढावं. उडी शिकवण्याची घाई करणारा प्रशिक्षक भेटला तर त्याला आधी मुलीच्या आठही कडा दाखवायला सांगावं.

पुढच्या लेखांकात गुण कसे देतात ते पाहू: २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जोडीच्या स्पर्धेत एका सुवर्णाची दोन सुवर्णं का करावी लागली, आणि त्यानंतर सहापैकी सहा गुण ही जुनी पद्धत का मोडीत निघाली.