क्लॅरिनेटला देश असतो का?

नुसता आवाज ऐकून क्लॅरिनेट वाजवणारा कोणत्या देशाचा, हे ओळखता येईल का? काही दशकांपूर्वीपर्यंत जाणकार बऱ्यापैकी अंदाज बांधत, आणि त्याला ठोस कारणं होती.

फ्रान्समध्ये वादक क्लोझे आणि वाद्यनिर्माते ब्युफे यांनी 1840 च्या सुमारास घडवलेलं, चाव्यांच्या बोएम पद्धतीचं क्लॅरिनेट रुजलं. जर्मनीने मात्र वाद्यनिर्माते ओस्कार ओहलर यांची वेगळी रचना स्वीकारली. दोन्ही वाद्यांची नळी, चाव्या आणि माउथपीस निराळे. जर्मन रीड, म्हणजे फुंकताना कंप पावणारी पातळ पट्टी, अरुंद असते. तिथले अनेक वादक ती माउथपीसला दोऱ्याने बांधतात. त्यामुळे जर्मन सूर गडद, तर फ्रेंच सूर उजळ मानला गेला. इंग्लंडचे वादक रेजिनल्ड केल यांनी सुराला कंप दिला. जर्मन वादक तो सहसा टाळत.

पण वादकाचं तोंड, घसा, ओठांची पकड यांचा वाटा मोठा असतो. शिवाय आज बोएम वाद्य जगभर वाजतं आणि विद्यार्थी परदेशी गुरूंकडे शिकतात. म्हणून कान घराणं ओळखू शकतो, नागरिकत्व नाही. मोझार्टची 1791 सालची क्लॅरिनेट कन्चेर्टो केल आणि जर्मनीचे कार्ल लाइस्टर या दोघांच्या ध्वनिमुद्रणांत लागोपाठ ऐका. फरक तुम्हालाही जाणवेल.