आठ वादक, दोन कान

२१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्क शहरातील एका ध्वनिमुद्रण-कक्षात आठ वादक जमले. त्यांचा म्होरक्या होता ऑर्नेट कोलमन, टेक्सास राज्यातील फोर्ट वर्थ गावचा तीस वर्षांचा सॅक्सोफोनवादक. आठ जणांच्या दोन चौकड्या करण्यात आल्या. प्रत्येक चौकडीत फुंकून वाजवायची दोन वाद्ये, एक डबल बास (उभे धरून वाजवायचे, माणसापेक्षा उंच असे तंतुवाद्य) आणि एक ड्रमवादक. अधूनमधून सर्वांनी मिळून वाजवायच्या काही छोट्या जागा तेवढ्या आधी ठरलेल्या होत्या. बाकी काय वाजवायचे, कोणत्या स्वरात, किती वेळ, यातले जवळजवळ काहीच ठरलेले नव्हते. आठही जण ३७ मिनिटे न थांबता वाजवत राहिले, आणि जे मुद्रित झाले ते कोणतीही काटछाट न करता १९६१ मध्ये 'फ्री जॅझ' या नावाने प्रसिद्ध झाले. पुढे अशा सगळ्याच संगीताला हे नाव चिकटले.

मी हे मुद्रण प्रथम ऐकले तेव्हा पाचव्या मिनिटाला बंद केले, हे कबूल केले पाहिजे. लहानपणापासून कान रागदारीवर वाढलेले. मला ती मंडईतली सकाळ वाटली. पण आमच्या विषयाची एक खोड असते. एखाद्या गोष्टीला नाव दिले की तिची व्याख्या काय, हा प्रश्न पाठ सोडत नाही. 'गोंगाट' म्हणजे नेमके काय? नुसता मोठा आवाज म्हणजे गोंगाट नव्हे. नगाराही मोठ्यानेच वाजतो. बेसूर आवाज म्हणावे, तर बेसूर गाणारा एकटा गायक आपल्याला त्रास देईल, पण तो गोंगाट नव्हे. मंडईत कोथिंबीरवाली काय ओरडते याचा शेजारच्या कांदेवाल्याच्या ओरडण्याशी संबंध नसतो. कांदेवाला उठून गेला तरी कोथिंबिरीची आरोळी तशीच चालू राहते. तेव्हा माझ्यापुरती व्याख्या अशी: ज्यातला प्रत्येक आवाज दुसऱ्या आवाजापासून स्वतंत्र आहे, तो गोंगाट. एका आवाजावरून दुसऱ्याचा काही अंदाजच करता येत नाही.

आता गंमत अशी, की कोलमनचे मुद्रण या व्याख्येवर तपासून पाहता येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. ते स्टिरिओ पद्धतीने केलेले आहे. एक चौकडी डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला. डाव्या कानात कोलमनचा सॅक्सोफोन, डॉन चेरीचा छोटा ट्रम्पेट, स्कॉट लाफारोचा बास आणि बिली हिगिन्सचे ड्रम. उजव्या कानात एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट, फ्रेडी हबर्डचा ट्रम्पेट, चार्ली हेडनचा बास आणि एड ब्लॅकवेलचे ड्रम. मोबाइलला इअरफोन लावा आणि एक बाजू कानातून काढा. चार वादक नाहीसे होतील. उरलेले चौघे मधूनच एखादी आरोळी का देतात, एकाएकी का थबकतात, हे काही केल्या कळणार नाही. दुसरी बाजू पुन्हा कानात घाला, की त्यांपैकी पुष्कळ गोष्टींचे कारण सापडते. फोनवर बोलणाऱ्या माणसाचे एकट्याचे बोलणे ऐकावे, आणि मग पलीकडचेही बोलणे ऐकू यावे, तसे.

वाद्ये ओळखायला थोडे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. क्लॅरिनेटची नळी बहुतांश सरळ, म्हणजे सारख्या व्यासाची असते आणि तोंडाकडचे टोक बंद असल्याप्रमाणे वागते. एक टोक बंद असलेल्या नळीतील वायुस्तंभाच्या कंपनांविषयी तुम्ही शिकला असाल किंवा शिकाल. तिच्यात मूळ कंप्रतेच्या १, ३, ५, ७ अशा विषम पटीच मिळतात. सॅक्सोफोनची नळी मात्र आपल्या सनईप्रमाणे शंकूच्या आकाराची, त्यामुळे तिच्यात १, २, ३, ४ अशा सर्व पटी मिळतात. म्हणून सॅक्सोफोनवादकाने वरच्या स्वरात उडी मारली की तो बरोबर वरच्या षड्जावर पोचतो. क्लॅरिनेटवादक एकदम तिप्पट कंप्रतेवर, म्हणजे वरच्या सप्तकातल्या पंचमावर जातो. उजव्या कानात एक पोकळ, घुमणारा, मधूनच उंच उसळणारा आवाज येईल, तो डॉल्फी. (कोलमन त्या सुमारास पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सॅक्सोफोनसाठी प्रसिद्ध होता. लोक हसत. पण कंपन पावते ती मुख्यतः आतली हवा. नळी पितळेची की प्लॅस्टिकची, याने फार मोठा फरक पडत नाही.)

जॅझमध्ये उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेले वाजवणे, आधीपासूनच होते. मात्र त्याखाली एक सांगाडा असे. बारा किंवा बत्तीस मात्राखंडांचे एक आवर्तन, आणि त्यात कोणत्या खंडाला कोणता स्वरसमूह हे सर्वांना पाठ. आपल्याकडे तबलजीचा ठेका आणि तंबोऱ्याचा षड्ज जे काम करतात, तेच हा सांगाडा करी. कोणी कितीही दूर भरकटला तरी आपण कोठे आहोत हे त्याला कळे, आणि समेवर सगळे भेटत. कोलमनने स्वरसमूहांचा हा नकाशा काढून टाकला. ड्रमची चाल तेवढी ठेवली. लंडनमध्ये १९६५-६६ च्या सुमारास ए.एम.एम. हा गट आणि ड्रमवादक जॉन स्टीव्हन्सचा गट यांनी तर कित्येकदा चालही सोडली. मग या माणसांना एकत्र ठेवते कोण?

'ऐकून वाजवतात', हे उत्तर सोपे आहे पण अपुरे. थोडे गणित करू. आवाज ऐकल्यावर नुसते बोट हलवायला माणसाला सुमारे ०.१५ सेकंद लागतो. पाच मीटरवरून आवाज यायला सुमारे ०.०१५ सेकंद, तो वेगळाच. मिनिटाला २४० ठोके अशी जलद लय असेल तर दोन ठोक्यांतले अंतर ०.२५ सेकंद. म्हणजे ऐकून मग वाजवणारा वादक दर वेळी अर्ध्याहून अधिक मात्रा मागे पडेल. तसे होत नाही, याचा अर्थ तो ऐकलेल्यावरून पुढचे ताडतो. समोरचाही त्याच्याबद्दल हेच करत असतो. दोघेही एकमेकांच्या भविष्यावर वाजवतात, आणि चुकले की सावरून घेतात.

अशा परस्परांना ढकलणाऱ्या जोडीला आम्ही युग्मित दोलक म्हणतो. त्याची गोष्ट जुनी आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स आजारी पडून अंथरुणात होता. समोर एकाच आधारावर टांगलेली लंबकाची दोन घड्याळे होती. त्यांचे लंबक नेमके एकमेकांच्या उलट दिशेने, पण अगदी एका चालीत हलत आहेत असे त्याच्या लक्षात आले. मुद्दाम त्यांची चाल बिघडवली, तरी अर्ध्या तासाच्या आत ती पुन्हा जुळे. आधाराच्या तुळईच्या सूक्ष्म हालचालीमुळे हे घडत होते.

माणसांचेही तेच होते. रुमानिया आणि हंगेरीतील नाट्यगृहांत प्रेक्षकांच्या टाळ्या मुद्रित करून केलेला अभ्यास २००० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला. टाळ्या सुरुवातीला विस्कळीत असतात. मग कोणी न सांगता सर्व जण एका तालात येतात, आणि तेव्हा प्रत्येकाचा टाळीचा वेग जवळजवळ निम्मा झालेला असतो. सावकाश टाळीत माणसामाणसांतील फरक कमी राहतो, म्हणून जुळणे शक्य होते. पुढे उत्साहाने वेग वाढला, की ताल पुन्हा मोडतो.

ध्वनीच्या प्रवासाचा वेळही यात भाग घेतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून हेडफोनवर एकमेकांबरोबर टाळ्या वाजवायला लावल्या, आणि मधला विलंब ३ ते ७८ मिलिसेकंद इतका बदलत नेला. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. विलंब जास्त झाला की लय मंदावत जाते, कारण प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो. पण विलंब अगदीच कमी झाला की लय चढत जाते! एका खोलीत काही मीटरवर बसल्यावर जितका विलंब होतो, तितक्यात ती सर्वांत स्थिर राहते. यातला पहिला भाग तुम्ही शाळेच्या मैदानावर करून पाहा. साठ मीटरवर दोघांनी पाठमोरे उभे राहून एकमेकांच्या आवाजाबरोबर टाळ्या द्यायच्या. आमच्या मुलांची लय पाहता पाहता रखडली.

म्हणजे कानांनी जोडलेली माणसे आपोआप एका चालीत येतात. त्याला प्रतिभा लागत नाही. दोन घड्याळांनाही ते जमते. येथे मला माझा पहिला समज उलटा करावा लागला. मला वाटे, या वादकांना एकत्र राहणे अवघड जात असेल. खरे अवघड आहे ते एकत्र असूनही एका चालीत न घसरणे.

जॉन स्टीव्हन्सने नवख्यांना शिकवण्यासाठी काही पाठ तयार केले होते. १९८५ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. त्यांतला एक असा: प्रत्येकाने आपल्या वाद्यातून शक्य तितका आखूड आवाज काढायचा, पुन्हा पुन्हा, आणि हळूहळू स्वतःपेक्षा सर्वांचा मिळून होणारा आवाज ऐकायचा. प्रात्यक्षिकाचा तास संपल्यावर आम्ही तो करून पाहिला. वाद्ये म्हणजे पेनाची टोपणे, डब्यांची झाकणे, एकाची नुसती चुटकी. आरंभी पत्र्यावर गारा पडाव्यात तसे झाले. दोन मिनिटांत सारा वर्ग एका ठेक्यात टकटक करू लागला होता, आणि कोणी सुरू केले ते कोणालाच सांगता येईना. मी म्हटले, "आता ठेक्यात यायचं नाही, पण ऐकणंही सोडायचं नाही." दोनदा फसले. एकदा पुन्हा ठेका जमला. दुसऱ्यांदा मुलांनी सरळ कान बंद केल्यासारखे वाजवले, म्हणजे शुद्ध मंडई. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरची एक मुलगी वाजवायची थांबली. तिच्या शेजारचे दोघे विरळ झाले. मध्ये मोकळ्या जागा पडल्या आणि त्या जागांत कोणीतरी एखादाच आवाज ठेवू लागले. मिनिटभरच टिकले ते.

ते थांबणे महत्त्वाचे होते. गर्दीत माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार याने १९११ मध्ये नोंदवले होते. लग्नाच्या पंगतीत याचा अनुभव येतो: प्रत्येक जण शेजाऱ्याला ऐकू यावे म्हणून मोठ्याने बोलतो आणि त्यामुळे सर्वांनाच आणखी मोठ्याने बोलावे लागते. मुक्त वादनाचे पुष्कळ प्रयत्न याच खड्ड्यात पडतात, आणि मग निव्वळ आरडाओरडा उरतो. सगळेच फ्री जॅझ चांगले असते असे मी मुळीच म्हणणार नाही. स्टीव्हन्सचे वादकांना सांगणे होते, की तुला दुसरा ऐकू येत नसेल तर तू जास्त मोठ्याने वाजवतो आहेस. वाढीला वाढीने उत्तर न देता घटीने देणे, ही तीच युक्ती जी रेफ्रिजरेटरच्या थर्मोस्टॅटमध्ये असते. तेथे धातूची पट्टी किंवा संवेदक ते काम करतो. येथे वादकाला आपला उत्साह आवरावा लागतो.

गिटारवादक डेरेक बेलीने १९७६ मध्ये 'कंपनी' नावाचा उपक्रम सुरू केला. त्यात पूर्वी कधी एकत्र न वाजवलेले वादक तो मुद्दाम एकत्र आणी. १९८० च्या त्याच्या उपजेवरील पुस्तकात भारतीय संगीताचाही विचार आहे. जुने साथीदार एकमेकांचे पुढचे वळण फार सहज ताडू लागतात, आणि मग ताडायला काही उरत नाही, ही अडचण आपल्याकडच्या जुन्या जोड्यांनाही ओळखीची असेल.

आमच्या वर्गात पहिल्याच दिवशी, "सर, हा तर गोंगाट आहे," असे सांगणारा एक मुलगा होता. त्याला मी व्याख्या सांगितली नाही. फक्त इअरफोनची उजवी बाजू आधी ऐक, असे सांगितले. दुसऱ्या दिवशी तो कर्मचारी-कक्षाच्या दारात उभा. "सर, उजवीकडे तो क्लॅरिनेट वाजवतोय ना, त्याची डावीकडून कोणीतरी सारखी खोडी काढतंय. आणि हा चिडतोय."

किती मिनिटे ऐकलेस, म्हणून विचारले. तो म्हणाला, सगळी सदतीस. मग दुसरा कान लावून पुन्हा.